मार्चअखेरपर्यंत जिवंत

नाना, मार्च महिन्यात सरपंचाने मरायचं नसतं. एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळायला हवी होती. कुठल्या कचेरीत कुठल्या टेबलावर फाइल अडते हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगितलं असतंत, आणि जायच्या वेळी मात्र असे गेलात की माझे हातपायच बांधून ठेवलेत. एप्रिलमध्ये गेला असतात तर मी नुसती रडले असते. आता रडू यायच्या आधी राग येतो, आणि राग आला की समोर तुम्ही नाही. मग भांडू कुणाशी?

एप्रिल लागला म्हणून आज हे लिहिते आहे. मार्च संपेपर्यंत तुम्ही गेलात हे बोलायचीच गावात चोरी होती. कुणी फोनवर "नाना कसे आहेत?" विचारलं तर मी "एक मिनिट हं" म्हणून फोन ठेवून द्यायचे. मी! जिच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून तुम्ही सात वर्षं टोमणे मारलेत.

मी तुमच्या पंचायतीची ग्रामसेविका. पदाचं नाव सरकारने मध्ये बदललं, पण तुम्ही काही बदललं नाहीत. "ही आमची ग्रामसेविका. पनवेलची हाय, पन चांगली हाय," अशी माझी ओळख करून द्यायचात आणि हाक मारायची ती 'बाय' म्हणून. पहिल्या दिवशी मी स्कूटरवरून यायला निघाले आणि गव्हाणच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत अशी अडकले की ऑफिसात पोचेपर्यंत जेवायची वेळ झाली. तोंड चुकवत आत शिरले, तर तुम्ही म्हणालात, "लवकर आलीस की. सरकारचा पैसा यापेक्षा उशिरा येतो." मला वाटलं, मस्करी करताय. मस्करी नव्हती ती.

गाव बांधामुळे गाव आहे हे तुम्ही मला त्याच आठवड्यात बांधावर नेऊन दाखवलंत. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला घरं, आणि घरं खाडीच्याही खाली. बांधाच्या पोटात उघाडी. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला ते उघडतं आणि गावातलं पाणी खाडीत जातं, भरती आली की खाडीच त्याला ढकलून बंद करते. करायला हवं, असं म्हणू. आपल्या उघाडीचं लोखंडी दार गंजून अर्धं गळून पडलेलं, त्यामुळे मोठी भरती आली की खाडी थेट आत. त्यात आजूबाजूला भराव टाकून टॉवर उभे राहिले, तेव्हा पावसाचं पाणीही आपल्याकडेच उतरायला लागलं. खालच्या आळीतलं शेवटचं घर तुमचं. पावसाळ्यात तुमच्या मंडळी, म्हणजे वत्सलाकाकी, पलंगाच्या पायांखाली विटा लावायच्या आणि तुम्ही पलंगावर पाय वर घेऊन बसून मला फोन करायचात, "बाय, खाडी घरी आलीय. चहा टाकू का तिला?" मी हसायचे. मागून काकींचा आवाज यायचा, त्या हसत नसायच्या.

त्या एका दारासाठी आपण किती उंबरठे झिजवले, नाना! शेतीचे बांध बघणाऱ्या खात्याकडे गेलो. ते म्हणाले, बांधामागे शेती असेल तर बांध आमचा; तुमची शेती संपादनात गेली, बांध यादीतून उडाला. रस्तेवाल्यांनी विचारलं, बांधावरून एसटी जाते का? जिल्ह्याच्या कचेरीत एका साहेबांनी फार गोड बोलून सांगितलं, स्वनिधीतून करा ना. स्वनिधी म्हणजे आपली घरपट्टी आणि पाणीपट्टी. त्यातून शिपायाचा पगार, दिवाबत्ती आणि पंपाचं बिल भागलं तर त्या महिन्यात आपण दोघं एकमेकांकडे बघून हुश्श करायचो. बाहेर पडल्यावर तुम्ही म्हणालात, "गोड बोलला ना, तेव्हाच समजलं. काय देनार नाय." पळस्प्याला उतरून आपण मिसळ खाल्ली आणि पूर्ण वेळ मी तुम्हाला नियम समजावत बसले. तुम्ही माझ्या ताटातली शेवसुद्धा संपवलीत.

आपलं खरं भांडण तेच होतं. मी म्हणायचे, नाना, प्रत्येक पैशाला त्याचं शीर्ष असतं. सरकारने ज्या नावाने पाठवला त्याच नावाने तो खर्च व्हायला हवा. पाण्याचा दिव्याला चालत नाही, दिव्याचा गटाराला चालत नाही. तुम्ही म्हणायचात, "कुनाचा पैसा? आमच्या जमिनी विकल्या, त्याच्यावर फ्लॅट झाले, फ्लॅटच्या प्रत्येक कागदावर स्टॅम्प लागला, तो पैसा मुंबईला गेला. त्यातला वाटा आपला हाय, तुज्याच नियमात लिवलाय. आपल्याच झाडाचा आंबा, आन आपन खाली उभं राहून फोड मागायची?" मी म्हणायचे, येतो ना तो वाटा. "येतो," तुम्ही म्हणायचात, "दोन वर्षांनी. आन वर चिठ्ठी, की याचं काय करायचं ते आमी सांगू." यावर मी चढ्या आवाजात तेच परत सांगायचे. माझी ती सवय तुम्हाला चांगली ठाऊक होती.

तरी राज्याचं बजेट असायचं त्या दिवशी तुम्ही नवरदेवासारखे इस्त्रीचा शर्ट घालून यायचात. ऑफिसच्या टीव्हीसमोर पहिली खुर्ची तुमची. कांदाभजी मागवलेली. अख्खं भाषण तुम्ही कान देऊन ऐकायचात, कुठे तरी बांध, उघाडी, खाडी असा शब्द येईल म्हणून. मंत्र्याने कवितेची ओळ म्हटली की तुम्ही भज्याचा कागद चुरगळायचात. "कविता झाली. उठा आता." आणि मग माझ्यावर घसरायचात: आपलं अंदाजपत्रक आपण डिसेंबरात करून पाठवायचं, त्यांनी काय देणार ते मार्चमध्ये सांगायचं, आणि पैसे हातात पडायचे ते पुढच्या मार्चच्या तोंडावर, महिन्याभरात खर्च करा नाहीतर परत पाठवा म्हणून. "याला अंदाजपत्रक का म्हनतात? नवससुद्धा यापेक्षा लवकर पावतो." मी फणकारून म्हणायचे, मग करू नका सही. तुम्ही सही करायचात. तुमच्या डिजिटल सहीचा डोंगल, ज्याच्याशिवाय कुठलंही बिल निघत नाही, तो माझ्याच ड्रॉवरमध्ये टाकून निघून जायचात. कितीदा सांगितलं, नाना, ही तुमची सही आहे, ती घरी ठेवा. "घरी पानी येतं," तुम्ही म्हणायचात.

एकदा एका बिल्डरचा माणूस ऑफिसात येऊन माझ्या टेबलावर हात आपटून ओरडायला लागला, आठवतंय? कराची पावती जुन्या दराने हवी होती त्याला. तुम्ही बाहेर चपला काढत होतात. आत आलात, त्याच्यासमोर शांतपणे बसलात आणि म्हणालात, "ती सरकारची नाय. ती आमची हाय. आता परत आपट हात." त्याने नाही आपटला. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला हे सांगताना मला हुंदका आला, आणि आई म्हणाली, अगं, यात रडण्यासारखं काय आहे? तिला काय सांगणार! नोकरीत इतकी वर्षं मी या टेबलावरून त्या टेबलावर ढकलली जाणारी बाई. कुणी तरी 'आमची' म्हणालं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही त्याचं भांडवल केलं असतंत. आणि हो, मी मासे खात नाही हे सात वर्षांत तुम्हाला पटलं नाही ते नाहीच. दर पावसाळ्यात जिताड्याच्या कालवणाचा डबा माझ्या टेबलावर. शिपाई खायचा तो, आता सांगते.

गंमत अशी की एका नावाने पैसे दरवर्षी यायचे. स्मशानभूमी. त्यासाठी निधी मागा, लगेच मंजूर. शेड झाली, पेव्हर ब्लॉक झाले, बाकडी झाली, सोलरचे दिवे लागले, दगडी कुंपण झालं, फाटकाला रंग लागला. खालच्या आळीत माणसं गुडघाभर पाण्यातून पोरं खांद्यावर घेऊन जातायत आणि स्मशानात गुलाबाच्या कुंड्या! तुम्ही म्हणायचात, "बाय, या गावात जगन्याला निधी नाय, मरन्याला हाय." आणि मग गेल्या वर्षी तुमच्या डोक्यात ते आलं. स्मशानाचं कुंपण बांधाला लागून, आणि कुंपणापासून हाकेच्या अंतरावर उघाडी. उघाडीचं दार 'स्मशानभूमीचं भरतीपासून संरक्षण' म्हणून मागायचं.

मी कपाळावर हात मारला. आठवडाभर भांडले. म्हटलं, ऑडिटवाले मला उभी सोलतील. तुम्ही काय केलंत? इंजिनियर साहेबांना ऐन भरतीच्या वेळी स्मशानात बोलावलंत. साहेब बूट घालून आले आणि पेव्हर ब्लॉकवर घोटाभर पाण्यात उभे राहिले. तुम्ही बाकड्यावर बसून त्यांना म्हणालात, "साहेब, आमची मानसं इथे जळायच्या ऐवजी वाहून जातील. लिवा." त्यांनी लिहिलं. खोटं त्यात काहीच नव्हतं, म्हणून मलाही गप्प बसावं लागलं. मंजुरी आली. पैसे आले ते अर्थातच फेब्रुवारी सरताना. पळस्प्याच्या फॅब्रिकेशनवाल्याने दार बनवायला घेतलं आणि बजावून ठेवलं, सरकारी काम आहे, पैसे खात्यात पडले की दार टेम्पोत चढेल, त्याआधी नाही. चुकीचं नव्हतं त्याचं. याआधी पंचायतींनी त्याला रडवलं होतं.

शिमगा झाल्यावर आपण दोघं पुन्हा बांधावर गेलो होतो. ते आपलं शेवटचं भांडण. ओहोटी होती, चिखलात खेकडे पळत होते. तुम्ही उघाडीच्या भोकात हात घालून आतली माती चाचपलीत आणि म्हणालात, "हे आमी दोन दिवसांत बुजवलं असतं." मला ठाऊक होतं तुम्ही कशाबद्दल बोलताय. पूर्वी शिमग्यानंतर घरटी एक माणूस बांधावर जायचा. गावकीचं काम. चिखल, दगड, कुडाच्या काठ्या, आणि दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण. ते बंद कुणी केलं, तर तुम्ही. तरणेताठे होतात तेव्हा, गावकीच्या बैठकीत उभे राहिलात आणि म्हणालात, जमीन आमी द्यायची, कर आमी भरायचा, आन चिखलसुद्धा आमीच उचलायचा? बांध सरकार बांधेल. टाळ्या पडल्या होत्या म्हणे. काकींनी सांगितलं मला. टाळ्या पडताना त्या स्वतः चुलीपुढे कपाळ बडवत होत्या, असंही सांगितलं.

मी विचारलं, "मग का नाही बुजवत, नाना? बोलवा ना गावकी."

"आपन केलं तर सरकार कदीच करनार नाय. म्हनेल, यांना जमतंय."

"आणि आपण नाही केलं तर म्हणतं, यांची मागणीच नाही. मग?"

तुम्ही हात धुतलात. मग म्हणालात, "दार येतंय ना आता. मग कशाला उकरतेस?" आणि चालायला लागलात. मी मागून ओरडले, की एवढ्या वर्षांत किती वेळा घरात पाणी आलं ते काकींना विचारा. तुम्ही वळला नाहीत. मला वाटलं, उद्या परवा बोलू. सरपंच आहे, जातोय कुठे!

चार दिवसांनी पहाटे हरेशचा फोन. हरेश, आपले उपसरपंच. "ताई, नाना गेले. झोपेत." मी स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. पोचले तर अंगणात गर्दी, आणि काकींचा हंबरडा मला वाटेवरच ऐकू आला. मग कुणीतरी आतून ओरडलं, "आवाज कमी कर, आवाज कमी कर!" मला वाटलं, काय माणसं आहेत ही, जरा लाज नाही. कारण मला नंतर कळलं.

तुमच्या शेडखाली, तुमच्या पेव्हर ब्लॉकवर तुम्हाला अग्नी दिला. चिता पेटलेली असतानाच हरेशने मला कुंपणाकडे बोलावलं. पाच-सहा जण होते. आणि तिथे मला समजावून सांगण्यात आलं की नाना अजून गेलेले नाहीत.

हिशेब त्यांनी बरोबर मांडला होता. दाराचं बिल निघायला दोन सह्या लागतात, सरपंचाची आणि माझी. सरपंच वारला की उपसरपंचाकडे कारभार, पण त्याचा आदेश, मग त्याची नवी डिजिटल सही, म्हणजे एप्रिलचा मध्य उजाडणार. पैसे मार्चअखेर परत जाणार. नाना मेले हे सरकारला कोण सांगतं? गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद कोण करतं? मीच. आणि नानांचा डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये? माझ्याच. "मुदत असते ना नोंदीला, ताई?" हरेश म्हणाला. "आत्ताच कशाला? बिल काढा आधी, मग तारीख एप्रिलची लावा. कोण बघतंय? नानांनापण हेच पाहिजे असतं." तुम्ही दवाखान्यात गेला असतात तर नोंद शहरात झाली असती आणि मी सुटले असते. पण नाही, तुम्हाला घरच्या पलंगावरच जायचं होतं.

मी हो म्हणाले नाही. नाहीसुद्धा म्हणाले नाही. मागे तुम्ही जळत होता, नाना.

आणि मग गावाने जे केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. अळीमिळी गुपचिळी! ज्या गावात पोराच्या पहिल्या वाढदिवसाला नाक्यावर दहा फुटी फ्लेक्स लागतो, त्या गावात सरपंचाच्या श्रद्धांजलीचा एक बोर्ड नाही. वर्तमानपत्रात नाव नाही, व्हॉट्सॲपला तुमचा फोटो नाही. काकींच्या माहेरची माणसं आली ती आळीच्या मागच्या बाजूने, आणि दाराआड बसून रडली. पंचायत समितीचे एक साहेब सहज गाडी थांबवून विचारायला लागले, "सरपंच दिसत नाहीत?" तर चहावाला म्हणाला, "गावाला गेलेत." तुम्ही तर गावातच होतात, राख होऊन, स्मशानातल्या कपाटात मडक्यात. मला हसूच फुटलं.

मला रोज विचारणं सुरू झालं. रोज कुणीतरी दारात. कुणी गोड बोलून, कुणी आवाज चढवून. हरेशने तर दाराचा फोटो आणला पळस्प्याहून, लाल रंग मारलेलं, तयार. "बघा ताई. फक्त एक क्लिक." मी ड्रॉवर उघडायचे, डोंगल बघायचे, ड्रॉवर बंद करायचे. मेलेल्या माणसाची सही केली तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. नाही केली तर पावसाळ्यात काकींच्या घरात पाणी, आणि मी इकडे पनवेलला तिसऱ्या मजल्यावर कोरडी. खर्च केला नाही तर पुढच्या वर्षी वरून विचारणा होणार: मागचाच निधी परत गेला, म्हणजे गरज नसावी. जिकडे वळावं तिकडे भिंत. आणि संताप कशाचा येत होता सांगू? तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला पक्कं ठाऊक होतं. "कर बाय. काय व्हतंय!" असंच म्हणाला असतात. मी सात वर्षं तुमच्याशी भांडले ती एवढ्यासाठीच, आणि तुम्ही मेल्यावरही भांडण सोडेनात.

दहावं नेमकं मार्चच्या शेवटच्या दिवशी आलं. विधी आटपून सगळे पांगले. मी ऑफिसात येऊन बसले. डोंगल बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. खरं सांगते, त्या क्षणी माझं मन हरेशच्या बाजूने झुकलं होतं. दार ढकलून वत्सलाकाकी आत आल्या. ओल्या केसांनी, एकट्या.

"बाय, नोंद कर."

"काकी, बसा. पाणी देऊ?"

"पानी नको. माज्या नवऱ्याची नोंद कर. तो मेलाय."

मी म्हणाले, "काकी, संध्याकाळपर्यंत थांबलात तर दार येईल. तुमच्याच घरातलं पाणी थांबेल. हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय."

"माज्यासाठी?" काकींनी टेबलाची कड धरली. "माजा मानूस मेला आन मला तोंडात पदर कोंबून बसवलं. आई माजी वाकून चालते, ती मागल्या दाराने आली, चोरासारखी. बहिनीला सांगितलं, रडू नको, रस्त्यावर ऐकू जाईल. कोन मेलं माजं, कुत्रं? आन आता म्हनतात तारीख नंतरची लावू. तो मेला त्या दिवशी मेला. त्याचं वर्षश्राद्ध मी सरकारच्या तारखेला घालू?"

"पाणी येईल हो, काकी."

"येऊ दे. पान्याची मला सवय हाय. याची नाय." मग म्हणाल्या, "त्यानेच गावाला सांगितलं, चिखल उचलू नका, सरकार देईल. आयुष्यभर वाट बघत बसला. मेल्यावर पन वाटच बघायची का त्याने? सोड त्याला."

मी नोंद केली, नाना. नाव, वय, बापाचं नाव, मृत्यूचं ठिकाण, खरी तारीख. माहिती देणाऱ्याची सही लागते. काकींनी पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढलं. दाखल्याचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, त्यावरून तळवा फिरवला, आणि तिथेच, ऑफिसच्या फरशीवर बसून त्यांनी हेल काढला. असा मोठा, की बाहेरच्या वडावरचे बगळे उडाले. तुमचं नाव घेऊन, शिव्या घालून, लग्नातली गोष्ट सांगून, पलंगाखालच्या विटांची सांगून. खालच्या आळीतल्या बाया धावत आल्या. एकीनेही आवाज कमी कर म्हटलं नाही. त्याही बसल्या आणि त्यांनीही सूर लावला. मी खुर्चीत बसून होते, मग खुर्चीतून उठले आणि खाली त्यांच्यात जाऊन बसले. सरकारी वेळेत, सरकारी ऑफिसात, गळा काढून रडले. किती बरं वाटलं म्हणून सांगू तुम्हाला!

हरेश आला. स्क्रीनकडे बघितलं. "ताई, तुम्ही गाव बुडवलंत," म्हणाला आणि गेला. त्याला मी दोष देत नाही. त्याची आई त्याच आळीत राहते.

पैसे संध्याकाळी परत गेले. आता नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय, फार मोठा, फोटो जुना, मिशी काळी. काकींना मी म्हटलं, पावसाळ्याचे चार महिने माझ्याकडे पनवेलला चला, आई आहे, तुमच्याशी बोलेल. त्या म्हणाल्या, "नवऱ्याचं घर सोडून?" विटा धुऊन अंगणात वाळत घातल्यात त्यांनी. दार पळस्प्याला उभं आहे. नव्या वर्षाचं मागणीपत्र माझ्यापुढे आहे, त्यात रस्ता आहे, दिवे आहेत, स्मशानभूमी आहे. पाणी येणार, नाना, आणि ती बाई तिथेच बसणार. तिला कुठल्या शीर्षात बसवू, तेवढं सांगून जायचं होतंत.